बिनबैलाचा सौदा

नत्थूजी कळंब्यांचा हात एकदा दुपट्ट्याखाली गेला की तो त्यांचा राहत नसे.

बैलबाजारात भाव तोंडानं बोलायचा नाही, अशी जुनी रीत. दलाल खांद्यावरचा दुपट्टा काढून आपल्या हातावर टाकायचा, गिऱ्हाईक खालून हात घालायचं आणि मग दोघांची बोटं बोलायची. कोणतं बोट धरलं, किती वेळा धरलं, यातच सगळा भाव. भोवती पन्नास माणसं माना वाकवून उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नसे. शेवटी दलालानं समोरचा पंजा पक्का दाबला की सौदा झाला. कागद नाही, सही नाही. पण तो सौदा मोडायचा नाही. ज्यानं मोडला, त्याच्या दुपट्ट्याखाली पुन्हा कुणी हात घालत नसे.

मध्य प्रदेशाच्या हद्दीतल्या, पण मराठी बोलणाऱ्या पांढुर्ण्याच्या बाजारात पंचवीस वर्षं नत्थूजींनी असे सौदे केले आणि एकही मोडला नाही. माणूस बुटका, खांद्यानं रुंद, आणि आवाज असा की गर्दीच्या बाजारात पलीकडच्या टोकाचे बैलसुद्धा कान टवकारायचे. दलालीचं त्यांचं एकच सूत्र होतं.

"गिऱ्हाइकाले 'नाई' म्हनाचं नाई," ते सांगायचे. "तो म्हनते, बैल लंगडते. आपन म्हनाचं, हाव, लंगडते, म्हनून तर दावं तोडून पळत नाई. तो एक पाऊल टाकते, आपन त्याच्या पुढं एक टाकाचं. 'नाई' म्हनलं का मानूस धोतर झटकून उठते."

विकलेला बैल कधी कधी नव्या मालकाकडं जाण्याआधी दोन दिवस नत्थूजींच्या अंगणात बांधलेला असे. त्याचं वैरणपाणी जयवंताबाईंकडं. निघायच्या वेळी त्याच्या पायांवर पाणी घालायचं, कपाळाला कुंकू लावायचं आणि गळ्यातलं आपलं दावं काढून ठेवायचं, हेही त्यांचंच काम. सौदा नवऱ्याचा, पाठवणी बायकोची. वीस वर्षांत कितीतरी बैल त्यांनी असे पाठवले आणि प्रत्येकाच्या मागं पदर डोळ्याला लावला. नत्थूजी म्हणायचे, "अवं, ओळख दोन दिवसांची." त्या म्हणायच्या, "तुमाले काय कळते!"

एक्याऐंशी साली, पेरणीच्या तोंडावर, लाळ्या-खुरकुताची साथ आली. जनावरं बाजारात आणायची नाहीत, अशी दवंडी फिरली. तरी बाजाराच्या दिवशी माणसं आलीच. बाजाराचा दिवस म्हटल्यावर पाय कुठं ऐकतात? खुंटे रिकामे, आणि कडुलिंबाखाली शंभरेक माणसं तंबाखू मळत बसलेली. एक जण दुसऱ्याला विचारी, "कायले आले गा?" दुसरा म्हणे, "तुमी आले म्हनून."

नत्थूजींना शांतता सोसत नसे. थोडा वेळ त्यांनी कशीबशी काढली. मग ते उठले, एका रिकाम्या खुंट्याजवळ गेले आणि हवेतल्या पाठीवर थाप मारून ओरडले, "पाहा बाप्पा, पाहा! असा बैल पुन्हा येनार नाई!"

माणसं बघायला लागली. समोर केशवराव डिगरसे बसले होते. तिगावचे शेतकरी, थोडा कापूस, थोडी संत्र्याची झाडं. चेहरा लांब आणि कायम कोर्टाच्या तारखेला निघाल्यासारखा. ते सावकाश उठले, धोतर सावरलं आणि खुंट्याशी आले.

"दात दाखवा."

नत्थूजींनी नसलेल्या बैलाचा जबडा दोन्ही हातांनी उघडला. केशवरावांनी वाकून आत पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि नाकाला दुपट्टा लावून मागं सरकले.

"वास येऊन राहिला."

"येनारच! सकाळी कांदा-भाकर खाल्ली त्यानं. घरच्या पोरावानी वाढवला."

गर्दीतून कुणीतरी टोमणा मारला, "अन् शिंगं किती हायेत जी?"

"तुमाले किती पायजे?"

"तीन!"

"तीनच हायेत!" नत्थूजींनी हवेत तीन ठिकाणी बोट लावून दाखवलं. "दोन मारायले, एक टोपी टांगायले."

केशवरावांनी डोक्यावरची टोपी काढली, गंभीरपणे मधल्या शिंगावर टांगली, आणि हात सोडला. टोपी धपकन खाली पडली. ते तिच्याकडं बघत म्हणाले, "शिंग हलते."

त्या दिवशी बाजारात एकही बैल विकला गेला नाही, पण घरी जाणारा प्रत्येक माणूस वाटेत एकटाच हसत होता.

साथ ओसरली, बैल परत आले, पण खेळ राहिला. दुपारी बाजार सैल पडला की लोक कडुलिंबाखाली जमत. काय विकायचं ते लोकांनी सांगायचं, खोडी लोकांनी काढायच्या, आणि या दोघांनी काहीही नाकारायचं नाही. एकदा बिनपाण्याची विहीर विकली. एकदा रुसलेला जावई विकला. जामसांवलीच्या मारुतीचं दर्शन करून परतताना बस बंद पडली, तर नत्थूजींनी तीच बस तिच्याच ड्रायव्हरला विकून दाखवली. लिहिलेलं काही नाही, तालीम नाही. केशवरावांना पाठांतराचा असा धाक होता की पाढ्यांपायी त्यांनी शाळा सोडली होती. नत्थूजींना लिहायला वेळ नव्हता. जे सुचेल ते तिथंच, आणि तिथंच संपलं.

दोन वर्षं असं चाललं. मग बाकीचे दलाल कुरकुरू लागले. "तुमचा खोटा बैल पाहाले लोक उभे राहतात, अन् आमचा खरा बैल उन्हात तापते," ते म्हणाले. तक्रार काही खोटी नव्हती. बाजाराच्या चार जाणत्यांनी नत्थूजींना बोलावून चहा पाजला आणि हात जोडून सांगितलं, खेळ बंद करा, नाही तर दुसरीकडं करा.

"बरं झालं," जयवंताबाई म्हणाल्या. "बैल नाई, घेनारा नाई, अन् गळा बसेपर्यंत बोंबलता. लोक मले नळावर इचारतात, आज काय इकलं वो तुमच्या घरच्यानं?"

"मंग तू काय सांगतं?"

"सांगतो, अक्कल."

पण नत्थूजींना आता त्या खेळावाचून करमेना. भाव ठरवताना त्यांची बोटं बोलायची. त्या खेळात सबंध माणूस बोलायचा. त्यांना एक छप्पर हवं होतं, जिथं पोरीबाळी, बायामाणसंही येऊन बसतील. बैलबाजारात बाई कशी येणार?

स्टेशनच्या रस्त्यावर यशवंतराव नावाच्या संत्र्याच्या व्यापाऱ्याचं मोठं टिनाचं शेड होतं. हंगामात तिथं बायका संत्री निवडायच्या, पेट्या भरायच्या, खिळे ठोकायच्या. होळीनंतर शेड रिकामं पडायचं ते थेट दसऱ्यापर्यंत. नुसत्या रिकाम्या पेट्या, आणि जमिनीला मुरलेला सालीचा वास. नत्थूजी केशवरावांना घेऊन तिथं गेले.

यशवंतराव बारीक आवाजाचे, स्वच्छ कपड्यांचे, हिशेबी गृहस्थ. "नाटक कोणतं?" त्यांनी विचारलं.

"ते त्या टायमाले कळन."

"पुस्तक तरी असेल?"

"पुस्तक नाई."

यशवंतरावांनी चष्मा पुसला. "एक रविवार देतो. पाच ते सात. लोक शेवटपर्यंत बसले तर दसऱ्यापर्यंत दर रविवार तुमचा. मधून उठून गेले तर कुलूप. आणि एक लक्षात ठेवा. माझे व्याही येणार आहेत बोरगावहून. माझी मुलगी त्यांच्या घरी दिली आहे. त्यांना वावगं वाटेल असं काही झालं, तर लोक कितीही हसू देत, शेड मिळायचं नाही."

व्याह्यांचं नाव रघुनाथराव. त्यांच्याबद्दल असं सांगत की पोराच्या लग्नातही ते हसले नव्हते, आणि जे बोलत ते एकदाच बोलत.

आदल्या दिवशी केशवराव काळजीत आले. "नत्थूजी, शहरचे लोक येनार. मास्तर, मास्तरीण, ब्यांकेवाले. नसलेला बैल त्यांले दिसन का? मी म्हनतो, आपला कवड्या घेऊन येतो. दारात बांधू. खरा बैल पाहून लोकांले धीर येईन."

कवड्या म्हणजे केशवरावांचा पांढरा, काळ्या ठिपक्यांचा बैल, त्यांचा जीव की प्राण. नत्थूजींच्या मनाला ते पटलं नाही. नसलेल्या बैलाशेजारी असलेला बैल उभा करायचा म्हणजे खेळाचा घात. पण 'नाही' म्हणायची जीभच नव्हती. "हाव, आना," ते म्हणाले. "अन् झूलबी घाला त्याले."

त्र्याऐंशीच्या मे महिन्यातला तो रविवार. उन्हं उतरली तसं शेड भरलं. माणसं उलट्या पेट्यांवर, बायका डावीकडं सतरंजीवर. पुढं यशवंतराव आणि शेजारी व्याही, ताठ. जयवंताबाई सगळ्यांत मागं, पाण्याच्या माठाजवळ, भिंतीला टेकून. आल्या होत्या त्या शेजारणीला सोबत म्हणून, असं त्यांचं म्हणणं.

सुरुवात फसली. सगळे कवड्याकडंच बघत होते. नत्थूजी तोंडाला फेस येईस्तोवर बोलत होते आणि लोक बैलाच्या झुलीचा रंग पारखत होते. मग कवड्यानं शांतपणे शेडची जमीन ओली केली, आणि पहिलं हसू त्याला मिळालं.

नत्थूजींनी सरळ कवड्याकडं पाठ केली. शेडच्या मधोमध, मोकळ्या जागेत गेले आणि हवेत थाप मारली. "अन् हा कोन उभा हाये?"

बाजारातली जुनी मंडळी पेटीवरून उठून ओरडली, "तीन शिंगाचा!"

मग मात्र शेड जागं झालं. एका मास्तरीणबाईंनी धीर करून विचारलं, "वाचायला येतं का त्याला?"

"वाचत नाई बाई, पेपर खाते. पन नागपूरचाच. भोपाळचा पेपर टाकला का तोंड फिरवते."

"मग हिंदी कळत नसेल!" ब्यांकेतला एक जण म्हणाला.

"कळते ना! घरची हिंदी बोला, शेपूट हालवते. सरकारी हिंदी कानावर आली, का बसून जाते. मंग कलेक्टर आला तरी उठत नाई."

टिनाचं छप्पर दणाणलं. केशवराव खरेदीदार झाले, बैलाखालून वाकून गेले, लाथ खाल्ली, उठले, पुन्हा खाल्ली. मग नत्थूजींनी दुपट्टा हातावर टाकला आणि लोकांनाच बोलावलं. "या, घाला हात! ज्याले पायजे त्यानं भाव करावा!" एकेक जण येई, दुपट्ट्याखाली बोटांना गुदगुल्या करी, आणि नत्थूजी किंचाळत, "बाप्पा! एवढ्यात तर याची शेपूटबी येत नाई!"

यशवंतराव रंगात आले होते. त्यांनी शेजारी कोपर लावलं. "जा ना व्याहीबुवा. गंमत आहे."

रघुनाथराव उठले. त्यांनी बाही वर केली आणि हात दुपट्ट्याखाली घातला.

तो हात गमतीचा नव्हता. कोरडा, जाड कातडीचा, शेतकऱ्याचा हात. त्यानं पहिलं बोट जसं धरायला हवं तसं धरलं. नत्थूजींचं तोंड मधल्या शिंगाची थोरवी सांगत होतं, पण खाली त्यांच्या बोटांनी उत्तर दिलं. पंचवीस वर्षांची सवय. तिकडून एक बोट वाढलं, इकडून एक सुटलं, पुन्हा एकदा, आणि शेवटी नत्थूजींचा पंजा मिटला आणि त्यानं तो हात पक्का दाबला. दाबून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आपण काय केलं.

रघुनाथरावांनी हात बाहेर काढला, कपाळाला लावला. "झाला सौदा," ते म्हणाले आणि दाराकडं बोट केलं. "सोडा बैल."

कवड्याकडं.

लोक खूप हसले. मग त्यांच्या ध्यानात आलं की रघुनाथराव स्वतः हसत नाहीत. हसू पेटीपेटीवर विझत गेलं.

"मी गंमत करत नाई," रघुनाथराव म्हणाले. "दारात बैल बांधला. मी भाव केला. त्यायनं हात दाबला. इचारा."

केशवरावांचा चेहरा आता खरोखर लांब झाला. ते नत्थूजींच्या कानाशी आले. "सांगा ना गा, खोटं होतं म्हनून. कवड्या हाये तो. माझा कवड्या."

यशवंतराव उभे राहिले. त्यांचा बारीक आवाज आणखी बारीक झाला. "नत्थूजी, हात दाबला का नाही?"

दाबला नाही म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? दोघांनाच. पण त्या दोघांतले एक नत्थूजी होते. नाही म्हणावं तर पंचवीस वर्षांचा हात खोटा पडतो, व्याह्यांचा अपमान होतो आणि शेडला कुलूप लागतं. हो म्हणावं तर मित्राचा बैल जातो. आयुष्यात पहिल्यांदा नत्थूजींच्या तोंडातून शब्द फुटेना. एवढा मोठा आवाज, पण गेला कुठं, त्यांनाही समजेना.

तेवढ्यात मागून भांड्याचा आवाज आला. जयवंताबाईंनी माठातून तांब्या भरून घेतला होता. त्या बायकांमधून वाट काढत पुढं आल्या. पाणी घेऊन निघालेल्या बाईला सगळेच वाट देतात.

"सौदा झाला ना?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मंग लेकराले असंच पाठवता का, कोरड्या पायानं?"

कवड्याकडं त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. त्या मधल्या मोकळ्या जागेत थांबल्या, वाकल्या आणि पाण्याची धार सोडली. एक पाय. दुसरा पाय. मग लाथेचा टप्पा चुकवत जपून वळसा घालून तिसरा, आणि चौथा. जमिनीवर चार ओले डाग उमटले आणि त्या चार डागांवर बैल उभा राहिला. मग स्वतःच्या कपाळाचं कुंकू बोटावर घेऊन त्यांनी हात उंच केला, थांबल्या, डाव्या हातानं मधलं शिंग बाजूला सारलं, आणि टिळा लावला.

बायकांत कुणीतरी पदरात तोंड खुपसलं.

"जा बाबा," जयवंताबाई म्हणाल्या, आणि त्यांचा पदर खरंच डोळ्याला गेला, कारण वीस वर्षं तो याच शब्दाला जायचा. "नागपूरचा पेपर मिळते का नाई तिथं, कोनाले ठाऊक."

नत्थूजींना आवाज सापडला. "हाव!" ते गरजले. "झाला सौदा! मी हात दाबला अन् दाबला तो दाबला! अर्धा घंटा ज्याचे गुन गाऊन राहिलो, तोच बैल इकला. सांगा मंडळी, कवड्याचा एक तरी गुन सांगतला का मी?"

"नाही!" सगळं शेड ओरडलं.

जयवंताबाई रघुनाथरावांसमोर उभ्या राहिल्या. "दावं आमचं आमच्यापाशी राहते, भाऊ. तुमचं आनलं का?"

रघुनाथराव बघत राहिले. समोर पायांवर पाणी पडलेलं, कपाळाला कुंकू लागलेलं, आणि घरची लक्ष्मी ओल्या डोळ्यांनी दावं मागतेय. शेतकऱ्याचा जन्म. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, बैलाच्या मानेच्या उंचीवर टाकला, खालून घेतला आणि सावकाश, फार घट्ट होऊ नये अशी गाठ मारली. मग त्यांनी आपल्या हातांकडं पाहिलं. हे कधी झालं, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. नत्थूजींना ते ओळखीचं वाटलं. या माणसाचे हातही त्याचे नव्हते.

आता मागं कसं फिरणार? रघुनाथरावांनी दुपट्टा ओढला. दोन पावलं गेले. थांबले. मागं वळून खाली पाहिलं.

"बसला," ते म्हणाले.

"कोन बोललं सरकारी हिंदी?" केशवराव गर्दीवर खेकसले.

मग जे झालं ते सांगून कळायचं नाही. माणसं पेट्यांवरून घसरली. मास्तरीणबाई डोळे पुसत होत्या. आणि रघुनाथरावांचे खांदे हलायला लागले, आधी थोडे, मग गदागदा, आणि आयुष्यभर साठवलेलं हसू त्यांच्या तोंडातून घोड्याच्या खिंकाळण्यासारखं बाहेर पडलं. यशवंतरावांनी आधी व्याह्यांकडं नीट पाहून घेतलं, खात्री केली, आणि मगच स्वतः हसले.

बैल उठवायला चार जण लागले. दारात रघुनाथराव पुन्हा थांबले. "सरका बाजूले," त्यांनी लोकांना सांगितलं. "मधलं शिंग अटकते." आणि कवड्यासकट सगळे बाजूला सरकले.

गर्दी पांगल्यावर यशवंतराव किल्ली हातात घेऊन आले. "पुढल्या रविवारी काय दाखवाल?"

"खरं सांगू? मले माहीत नाई," नत्थूजी म्हणाले.

यशवंतरावांनी किल्ली बोटावर फिरवली. "मी तरी काय करतो म्हणा. झाडावर नुसती फुलं असतात तेव्हाच बगीच्याचा सौदा करतो. संत्रं कुठं दिसत असतं?" त्यांनी किल्ली पुढं केली. नत्थूजींनी हात केला, तर ती त्यांच्या हातावरून गेली आणि जयवंताबाईंच्या हातात पडली. "वहिनी येणार असतील तर."

"मी?" जयवंताबाईंनी तांब्या पालथा करून उरलेलं पाणी झटकलं. "मी आली तर काय इकाचं ते मीच सांगीन."

पुढच्या रविवारी त्यांनी नवरा विकायला काढला.

बातमी सौसरपर्यंत गेली. बायका आपापल्या सतरंज्या घेऊन आल्या आणि पुरुष भिंतीला लागून उभे राहिले. जयवंताबाईंनी नत्थूजींना मधोमध उभं केलं, जबडा उघडून दात दाखवले, चारी बाजूंनी फिरवून आणलं आणि खोडी सांगायला सुरुवात केली. लोकांना विचारायची गरजच पडली नाही. पाऊण तास त्या एकट्याच सांगत होत्या, आणि सतरंजीवरच्या बायका मान डोलावत होत्या, की हो, आमच्याकडंही अगदी असंच. मग त्यांनी पदर हातावर टाकला. पहिला हात आला तो सौसरच्या प्रेमलताबाईंचा, नत्थूजींच्या सख्ख्या बहिणीचा. बोटं हलली. जयवंताबाईंनी भाव मोठ्यांदा सांगून टाकला, आणि तो इतका हलका होता की नत्थूजी खेळ विसरून बहिणीवर ओरडले, "अवं प्रेमले! काही लाज?"

"वहिनी," प्रेमलताबाई शांतपणे म्हणाल्या, "मी याले लहानपनापासून पाहून राहिली. याच्या वर एक बोट वाढनार नाई."

"मंग राहू द्या," जयवंताबाई पदर झटकत म्हणाल्या. "एवढ्यात देत नाई मी. वीस वर्षं माझी वैरन खाल्ली यानं."